ते गेले तर मागे काय उरतं?

तर झालं असं, की गेल्या रविवारी मामाकडे चेंबूरला जेवायला गेलो होतो. बरोबर ऑफिसातला एक मित्र होता. मामाच्या गच्चीवरून माहुलच्या रिफायनऱ्यांची धुराडी आणि टोकावरची ती कायम जळणारी ज्योत दिसते. लहानपणी मला वाटायचं, ती विझवायला कुणीतरी विसरलंय. मामा १९७२ साली तिथल्याच एका रिफायनरीत ट्रेनी म्हणून चिकटला आणि तिथूनच रिटायर झाला. नोकरी तीच, गेट तेच. मध्ये कधीतरी गेटवरची पाटी तेवढी बदलली. विलायती कंपनीची सरकारी कंपनी झाली.

जेवण झाल्यावर मित्राने विषय काढला.

"काका, राग मानू नका, पण तुमच्या त्या राष्ट्रीयीकरणानेच देशाची वाट लागली. तेव्हा परदेशी कंपन्यांना छळलं नसतं ना, तर आज आपण कुठल्या कुठे असतो."

मामा खवळलाच. "छळलं? अरे, हाकलून दिलं त्यांना! इंदिराबाईंनी एका सहीत गोऱ्यांचं दुकान बंद केलं. आहे का आता कुणाची छाती?"

पुढचा अर्धा तास हेच. मी मध्ये बसून मुकाट्याने बडीशेप खात होतो. मामीने पंखा वाढवला, चहा आणला, तरी दोघं थंड होईनात.

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. शनिवार-रविवार जुन्या गोष्टी उकरून काढायची खोड आहेच. हा आठवडा त्यातच गेला, आणि आता माझं मत असं झालंय की मामा आणि मित्र दोघंही चुकतायत. गंमत म्हणजे दोघंही एकाच प्रकारे चुकतायत. दोघांनाही वाटतं की हा छातीचा प्रश्न होता. एकाला ती छाती शूराची वाटते, दुसऱ्याला गुंडाची. प्रत्यक्षात तेलकंपन्यांना ना कुणी छळलं, ना कुणी एका सहीत हाकललं. ती पंचवीस वर्षं चाललेली घासाघीस होती, आणि त्या घासाघिशीचा निकाल एकाच प्रश्नाने लावला: हे उद्या उठून गेले, तर आपल्याकडे मागे काय उरतं?

हा प्रश्न आपण आज विचारत नाही, म्हणून ही पोस्ट. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आबादानची गोष्ट

सुरुवात माहुलला होत नाही, इराणला होते. तिथे अँग्लो-इराणियन ऑइल कंपनी होती, म्हणजे आजच्या बीपीची आजी. १९१४ पासून तिचे निम्म्याहून जास्त शेअर्स खुद्द ब्रिटिश सरकारकडे. १९३३ चा करार तब्बल साठ वर्षांचा. आबादानची रिफायनरी तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एक. आणि हिशेब असा, की कंपनी ब्रिटिश सरकारला जो कर भरायची तो इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा जास्त. तेल इराणचं, आणि मोठा वाटा लंडनच्या तिजोरीला! इराण म्हणे, निदान हिशेबाच्या वह्या तरी दाखवा. कंपनी म्हणे, वह्या आमच्या आहेत.

आता बघा, १९५० च्या डिसेंबरात शेजारी सौदी अरेबियात अमेरिकन आराम्कोने निम्मा-निम्मा नफा वाटून घ्यायचं मान्य केलं. व्हेनेझुएलात ते आधीच झालं होतं. अँग्लो-इराणियनने तोच सौदा वर्षभर आधी देऊ केला असता, तर कदाचित पुढचं काहीच झालं नसतं. पण तोवर उशीर झाला. मार्च १९५१ मध्ये इराणच्या मजलिसने तेल राष्ट्रीय मालकीचं केलं, थोड्याच दिवसांत मोसद्देक पंतप्रधान झाले, आणि ऑक्टोबरपर्यंत ब्रिटिश तंत्रज्ञ आबादान सोडून गेले.

मग काय उरलं? विहिरी उरल्या, रिफायनरी उरली. पण तेल न्यायला जहाजं नव्हती, घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. जहाजं आणि बाजार दोन्ही त्याच चार-सहा बड्या कंपन्यांच्या हातात, आणि त्या एक झालेल्या. १९५२ मध्ये 'रोज मेरी' नावाचं एक जहाज इराणचं तेल घेऊन निघालं, तर ते ब्रिटिशांनी एडनला नेऊन अडवलं. देशाची तेलनिर्यात जवळजवळ थांबली. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी हात दिलेल्या उठावात मोसद्देक गेले, आणि १९५४ मध्ये परदेशी कंपन्यांचा एक संघ इराणमध्ये परत आला. बीपीला ४० टक्के, पाच मोठ्या अमेरिकन कंपन्यांना मिळून ४०, शेलला १४, फ्रेंच कंपनीला ६. नफा आता निम्मा-निम्मा. कागदावर मालकी इराणच्या राष्ट्रीय कंपनीची, पण वह्या तपासायचा हक्क तेव्हाही नाही.

मोसद्देकांची मागणी रास्त होती, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. कंपनी माजली होती आणि उलथवून टाकणारे गुन्हेगार होते. पण त्यांनी मालकी घेतली तेव्हा मालकीशिवाय जे लागतं ते हाताशी नव्हतं. ते जमवायला वेळ लागतो, आणि वेळ त्यांना कुणी दिला नाही.

माहुलला रिफायनरी का आली?

आबादान बंद पडलं तेव्हा आपल्याला चांगलाच चटका बसला. रॉकेल आणि पेट्रोल आपण मोठ्या प्रमाणावर तिथूनच आणायचो. देशात रिफायनरी म्हणावी अशी एकच, आसामात दिग्बोईला, आणि ती गरजेच्या मानाने चिमुकली. तेव्हा दिल्लीला रिफायनरी हवीच होती. कंपन्यांनाही पाय रोवायला आबादानपेक्षा सुरक्षित जागा हवी होती. नोव्हेंबर १९५१ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमशी (हीच पुढे एस्सो झाली) आणि डिसेंबरमध्ये बर्मा-शेलशी करार झाले. दोघींच्या रिफायनऱ्या मुंबईत, तुर्भे-माहुलला. १९५३ मध्ये कॅल्टेक्सशी करार झाला, विशाखापट्टणमसाठी.

आता मामाला न आवडणारा भाग. त्या करारांत आपण काय काय दिलं बघा. पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही अशी हमी. बहुसंख्य मालकी भारतीय हवी हा तेव्हाचा सरकारी दंडक यांच्यापुरता माफ. क्रूड कुठून आणायचं हे कंपन्या ठरवणार, म्हणजे अर्थातच स्वतःच्याच विहिरींतून, स्वतःच लावलेल्या भावाने. आणि माल विकायचा तो आयात केलेल्या मालाच्या भावाने. म्हणजे रॉकेल तयार होणार माहुलला, पण भाव असा की जणू ते आखातातून जहाजाचं भाडं भरून आलंय!

हे नेहरूंच्या सरकारने केलं, ज्यांना आज मित्र 'समाजवादी खुळ' म्हणतो. का केलं? कारण त्या दिवशी आपल्याकडे काहीच नव्हतं. पैसा नाही, तंत्र नाही, क्रूड नाही, जहाज नाही. रिकाम्या हाताने बसलेल्या माणसाला असाच सौदा मिळतो. याला लाचारी म्हणा हवं तर. मी म्हणत नाही, कारण पुढच्या पंचवीस वर्षांत हात रिकामे राहणार नाहीत याची तयारी त्याच लोकांनी सुरू केली.

एकच उन्हाळा, दोन देश

१९६० चा उन्हाळा. सोव्हिएत युनियनने आपल्याला स्वस्तात क्रूड देऊ केलं. तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय तिन्ही कंपन्यांना म्हणाले, हे क्रूड तुमच्या रिफायनऱ्यांत शुद्ध करून द्या. कंपन्यांनी नकार दिला. करार दाखवला. क्रूड आम्ही निवडणार असं तुम्हीच लिहून दिलंय ना? बरोबरच होतं त्यांचं. दिलं होतं लिहून.

त्याच उन्हाळ्यात, अगदी हेच, क्युबात घडलं. कॅस्ट्रोने एस्सो, टेक्साको आणि शेलला सोव्हिएत क्रूड शुद्ध करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, कॅस्ट्रोने रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या. अमेरिकेने क्युबाची साखर घेणं कापलं आणि पुढचं सगळं जगाला माहीत आहे. शेजारच्या सिलोननेही थोड्याच काळात परदेशी कंपन्यांच्या तेलविक्रीचा धंदा ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि १९६३ मध्ये अमेरिकेने त्यांची मदत थांबवली.

आपण काय केलं? करार मोडला नाही. नकार ऐकला आणि गप्प बसून दुसरीकडे काम वाढवलं. १९५९ मध्ये इंडियन ऑइल कंपनी काढलेली होतीच. क्रूड नाही तर नाही, तिच्यामार्फत तयार सोव्हिएत रॉकेल आणि डिझेल आणायचं ठरवलं. इकडे तेलाचे भाव तपासायला दामले समिती बसली, तिचा अहवाल १९६१ मध्ये आला. कंपन्यांनीही मग आपल्या क्रूडच्या भावात थोडी सूट द्यायला सुरुवात केली. न भांडता, कारण आता बाजारात दुसरा दुकानदार उभा होता.

आणि कारखाने. गुवाहाटीची रिफायनरी रुमानियाच्या मदतीने, १९६२. बरौनी आणि कोयली सोव्हिएत मदतीने, १९६४-६५ च्या सुमारास. मग कोचीनला अमेरिकेच्या फिलिप्स कंपनीला बरोबर घेतलं, पण यावेळी मोठा वाटा आपला. मद्रासला तर ७४ टक्के भारत सरकार, १३ टक्के अमेरिकन अमोको, आणि उरलेले १३ टक्के कुणाचे माहितेय? इराणच्या राष्ट्रीय तेलकंपनीचे! ज्या देशाचं आबादान बघून दिल्लीला घाम फुटला होता, त्याच देशाची कंपनी आपली भागीदार.

१९५१ मध्ये शंभर टक्के परदेशी मालकी आणि पंचवीस वर्षांची हमी. दहा-पंधरा वर्षांत तेच आपण परदेशी कंपनीला १३ टक्क्यांवर बोलावतोय आणि ती येतेय. भाषणांनी हा फरक पडला नाही. तेल शोधणारे, रिफायनरी चालवणारे, टँकर भरणारे आपले लोक तयार झाले, म्हणून पडला. मामासारखे.

पाटी बदलली तो दिवस

मग १९७३ चा तेलाचा भडका. तीन डॉलरच्या आसपास असलेला जाहीर भाव १ जानेवारी १९७४ ला ११.६५ डॉलर. आखाती देशांनी विहिरी स्वतःच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि कंपन्यांची खरी ताकद, म्हणजे 'क्रूड आमच्याकडे आहे', हीच संपत आली. आता क्रूड हवं तर सरकारने सरकारशी बोलायचं. त्याच फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं. इकडे सरकारी भावबंदीमुळे कंपन्यांना भारतात पूर्वीसारखं लोणी उरलं नव्हतं. १९७४-७५ च्या हिवाळ्यात तर खुद्द बर्मा ऑइल इंग्लंडमध्ये इतकी अडचणीत आली की बँक ऑफ इंग्लंडला तिला सावरावं लागलं.

१९७४ मध्ये एस्सोचा कायदा झाला आणि हिंदुस्तान पेट्रोलियम जन्माला आली. पहिल्या फटक्यात सगळी कंपनी घेतलीही नाही. ७४ टक्के सरकारकडे, २६ एस्सोकडे, आणि उरलेला वाटा १९७६ मध्ये. जानेवारी १९७६ मध्ये बर्मा-शेल, जी १९७७ मध्ये भारत पेट्रोलियम झाली. मग कॅल्टेक्स. प्रत्येक वेळी संसदेचा कायदा, प्रत्येक वेळी मोबदला. रणगाडे नाहीत, नाकेबंदी नाही. दुसऱ्या दिवशी मामा त्याच बसने त्याच गेटवर गेला आणि त्याच व्हॉल्व्हचं रीडिंग घेतलं. रिफायनरी एक तासही थांबली नाही, असं तो आजही छाती फुगवून सांगतो. मामा, खरी फुशारकी मारायची गोष्ट ही आहे. हाकलल्याची नव्हे.

स्क्रूने बसवलेलं आणि डोक्यात ठेवलेलं

आता थोडं आमच्या धंद्याकडे वळतो.

हार्वर्डचे रेमंड व्हर्नन नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९७१ मध्ये मांडलं की असे सौदे हळूहळू शिळे होतात. सही होईपर्यंत कंपनी वरचढ, कारण पैसा तिच्याकडे. एकदा का लोखंड जमिनीत गाडलं की पारडं यजमान देशाकडे झुकतं. रिफायनरी काही बॅगेत भरून नेता येत नाही.

पण सगळंच काही जमिनीत गाडलेलं नसतं. १९७३ चा 'फेरा' कायदा आला, त्यात बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला वाटा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. १९७७ मध्ये कोका-कोला गेली. मागे बाटल्या भरायचे कारखाने उरले, सूत्र गेलं. सरकारने 'सत्त्याहत्तर' नावाचं पेय काढून बघितलं, ते कुणाला आठवतंय? १९७८ मध्ये आयबीएम गेली. पण तिथे मागे काहीतरी उरलं. तिची यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीने उचललं, आणि त्यासाठी लागणारी माणसं देशात होती. त्या माणसांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य म्हणजे आपण. (आणि हो, सीएमसीही २००१ मध्ये टाटांना विकली गेली. असो.)

आमच्या कामात व्हर्ननसाहेबांचं गणित चक्क उलटं चालतं. मी एका प्रोजेक्टवर होतो, नाव नको. क्लायंटने बाहेरच्या एका व्हेंडरकडून सगळी बिलिंग सिस्टीम करून घेतली होती. सोर्स कोड व्हेंडरकडे, डेटा व्हेंडरच्या फॉरमॅटमध्ये, कागदपत्रं नावालाच. पहिल्या वर्षी व्हेंडर नम्र होता. पाचव्या वर्षी रिन्यूअलला त्याने तिप्पट आकडा सांगितला आणि क्लायंटने निमूट सही केली. करणार काय? मालकी क्लायंटचीच होती की! सर्व्हर त्याचे, बिल्डिंग त्याची, करारावर नाव त्याचं. फक्त व्हेंडर गेला असता तर मागे उरणार होते गार पडलेले डबे.

म्हणजे पोलाद जसजसं जुनं होतं तसा यजमान वरचढ होतो. सॉफ्टवेअर जसजसं जुनं होतं तसा पाहुणा वरचढ होतो. ज्यांना वाटतं 'आत्ता येऊ द्या, नंतर बघू, जास्त माज केला तर ताब्यात घेऊ', त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. नंतर ताब्यात घेण्यासारखं काही असेलच असं नाही. जे मागायचं ते सही करतानाच मागावं लागेल.

दाभोळ विसरलात?

महाराष्ट्रात राहून या विषयावर लिहायचं आणि एन्रॉन टाळायचं हे शक्य नाही. १९९२ चा सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ चा वीज खरेदी करार. २०१५ मेगावॅटचा प्रकल्प, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. वीज घ्या वा न घ्या, ठरावीक आकार द्यायचाच. डॉलरचा भाव वाढला तर तो आपल्या माथी. वर राज्याची हमी आणि १९९४ मध्ये केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगितलं होतं की हे परवडणारं नाही. करार लोकांपुढे ठेवलाच नव्हता.

मग निवडणूक झाली. समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत त्याच कंपनीशी बोलणी करून १९९६ मध्ये तो आणखी मोठा करून परत आणला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वीज मंडळाला बिलं झेपेनात, २००१ च्या मध्यावर प्रकल्प बंद, आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं. शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली आणि सांगाडा तिच्या गळ्यात बांधला.

मित्रा, हेही राष्ट्रीयीकरणच की! फक्त उदारीकरणाच्या काळातलं. हमी हव्या तेवढ्या दिल्या होत्या, छळ कुणी केला नव्हता, तरी ओझं सरकारच्याच अंगावर आलं. एस्सो आणि बर्मा-शेल घेतल्या तेव्हा चालत्या रिफायनऱ्या आणि त्या चालवणारी माणसं मिळाली. दाभोळला गॅस नसलेलं केंद्र आणि कज्जे मिळाले. एकतर्फी कराराला कितीही कुलपं लावा, जो पक्ष भरडला जातो तो एक ना एक दिवस कुलूप तोडतोच. १९३३ च्या इराणी कराराचं तेच झालं, दाभोळचंही तेच. कंपनीच्या वकिलांनाही हे कळायला हवं, की समोरच्याला पिळून घेतलेली सही टिकत नाही.

मित्राचं म्हणणं, आणि सरकारची लबाडी

मित्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. राष्ट्रीयीकरण झालं म्हणजे लोकांचं राज्य आलं असं नाही. गॅसच्या कनेक्शनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी पिढी अजून आपल्या घरात आहे. निवडणुका बघून दर ठेवणं, वशिल्याच्या एजन्सी, रॉकेलची भेसळ, सगळं झालं. आणि माहुलच्या हवेबद्दल लोकांना कोर्टात जावं लागलं. मागे काय उरतं याच्या हिशेबात ती हवाही धरली पाहिजे. गेटवरची पाटी बदलली म्हणून धुराडं काही हुशार होत नाही.

पण म्हणूनच माझा आग्रह आहे की ठरवायचं ते सगळ्यांसमोर ठरवा. २००३ मध्ये केंद्र सरकार हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायला निघालं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या कंपन्या संसदेने कायदा करून घेतल्या, त्या विकायच्या तर आधी संसदेत या. माझ्या मते यापेक्षा शहाणा निकाल नाही. विकू नका असं न्यायालय म्हणालंच नाही, उघड्यावर विका इतकंच म्हणालं.

पुढे काय झालं? २०१६ मध्ये 'कालबाह्य' झालेले कायदे एका झाडूने काढून टाकणारा कायदा झाला, आणि त्या केराच्या टोपलीत हे राष्ट्रीयीकरणाचे कायदेही गेले. संसदेत परत यायचं बंधन असं, आवाज न करता, निघून गेलं. जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा वाटा ३६,९१५ कोटींना ओएनजीसीने घेतला, म्हणजे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. २०१९ मध्ये भारत पेट्रोलियम विकायचं ठरलं, गिऱ्हाईक टिकलं नाही, मे २०२२ मध्ये बेत गुंडाळला. विकणं चूक की बरोबर यावर शंभर मतं असू शकतात. पण पंचवीस वर्षं घासाघीस करून मिळवलेल्या गोष्टीवर अर्धा तास खुली चर्चाही होऊ नये?

आजचं काय?

सप्टेंबर २०२२ आठवा. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला. १.५४ लाख कोटींचा आकडा. आपल्याकडे काय गदारोळ! कुणामुळे गेला, कुणी घालवला, दिल्लीने पळवला का. सगळ्या पक्षांचे लोक चॅनेलवर घसा ताणून बोलत होते. त्या गोंधळात एक प्रश्न क्वचितच ऐकू आला: आपण त्यांना काय काय देणार होतो, आणि ते उद्या गेले असते तर मागे काय उरलं असतं? दहा महिन्यांत, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढलं. म्हणजे जे 'पळवलं' म्हणून आपण रडलो, ते तिथेही उभं राहिलं नाही.

त्याच वर्षी गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प ठरला. २.७५ अब्ज डॉलर खर्चातला निम्मा केंद्र देणार, २० टक्के राज्य देणार. म्हणजे सत्तर टक्के आपले. मी याच्या विरोधात नाही बरं का! चिप बनवायला शिकायचं तर फी भरावी लागेल. १९५१ मध्ये आपण भरली होती. पण १९५१ मध्ये फी भरताना आपण वर्गात बसून शिकलोही होतो. आज सत्तर टक्के भरणाऱ्याला वर्गात बसायला मिळतंय का, हे मला करार वाचून कळायला हवं. तो मी नागरिक म्हणून वाचू शकतो का?

म्हणून तीन मागण्या. करार आमच्या पैशातून सवलती देत असेल तर तो सही होण्याआधी संपूर्ण जाहीर करा. व्यापारी गुपितं झाका, पण आमची देणी झाकू नका. दुसरी, हिशेबाच्या वह्या तपासायचा हक्क करारातच लिहा. आबादानचं भांडण तिथूनच पेटलं होतं. तिसरी, कंपनी गेली तर काय मागे राहणार याची यादी करा. शिकलेली माणसं किती, कुठल्या कामाची, कोणतं तंत्र आपल्या कुणाकडे आलेलं असेल, आणि साफसफाईचा खर्च कुणाचा. आमच्याकडे साध्या वेबसाइटच्या कामालाही हँडओव्हरची चेकलिस्ट असते. हजारो कोटींच्या कामाला नको?

जो पक्ष सत्तेवर असेल त्याला हे गैरसोयीचं वाटेल, आणि विरोधात बसला की आठवेल. हे तीस वर्षं बघतोय. त्यामुळे माझी अपेक्षा त्यांच्याकडून कमीच आहे. आपल्याकडून जास्त आहे. पुढच्या वेळी कुणी 'एवढे कोटी आणले' म्हणून फ्लेक्स लावेल किंवा 'घालवले' म्हणून बोंब मारेल, तेव्हा आकडा ऐकून टाळी किंवा शिवी देण्याआधी एवढंच विचारा, की मागे काय उरणार?

काल मामाला फोन करून हे सगळं थोडक्यात ऐकवलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे. पण त्या वेळचा आमचा जो साहेब होता ना, तो जायच्या आधी रोज तासभर माझ्याकडून त्या कंट्रोल पॅनेलची ड्रॉइंग्ज परत काढून घ्यायचा. मला वाटायचं, छळतोय. तो गेल्यावर महिनाभराने पॅनेल बंद पडलं, तेव्हा मी डोळे मिटून ते चालू केलं."

मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे शेवटी परदेशी कंपनीनेच शिकवलं ना!

चला, पुढच्या रविवारी परत चेंबूरला जेवायला जावं लागणार. :-)